माजघरातला उजेड

मागच्या दिवाळीत घरात ठरलं की बेगमपुऱ्यातलं घर आता विकायचं. बाबा, काका आणि आत्या अशा तिघांच्या सह्या व्हायच्या होत्या. त्याआधी घराचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॅमेरा असलेला मी एकटाच. फोटो दोन कारणांसाठी हवे होते. एक म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवायला. दुसरं आजीसाठी. ती दोन वर्षांपासून आमच्याकडे सिडकोत राहते, आणि बेगमपुऱ्याच्या पायऱ्या आता तिच्याच्यानं होत नाहीत.

घर जुनं, माळवदाचं. रस्त्यावरून आत आलं की ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी आणि ओसरीच्या मागे माजघर. माजघराला एकही खिडकी नाही. उजेड यायला दोनच वाटा: ओसरीकडे उघडणारं बुटकं दार आणि छताला ठेवलेलं साणं. साणं म्हणजे माळवदातलं भोक. धूर बाहेर जायला आणि उजेड आत यायला. पाऊस आला की त्यावर पत्रा सरकवायचा.

मी तयारीनं गेलो होतो. दोन एलईडी पॅनल, दोन स्टँड, वाइड लेन्स. दोन्ही पॅनल कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना लावले आणि तासाभरात काम उरकलं. फोटो एकदम स्वच्छ आले. भिंतीवरचा पोपडा न् पोपडा दिसत होता. एजंट खूश झाला. संध्याकाळी लॅपटॉप आजीपुढे ठेवला. तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे कोणाचं घर रे?"

मला वाटलं, डोळ्यांमुळे असेल. पण दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत, आणि ती रोजचा पेपर वाचते. मी म्हटलं, "आजी, आपलं माजघर आहे. हा बघ कोनाडा." ती म्हणाली, "आपल्या माजघराचे कोपरे दिसत नसतात."

हे वाक्य डोक्यात राहिलं. घराच्या आतला फोटो काढताना उजेड किती आणायचा, कुठून आणायचा? आमच्या जिल्ह्यात या प्रश्नावर पावणेदोनशे वर्षांपासून लोक डोकं फोडत आहेत, हे मला पुढच्या काही महिन्यांत वाचता वाचता कळलं. शहरापासून शंभर किलोमीटरवर, अजिंठ्यात.

*

अजिंठ्याच्या लेण्यांना आपण सरसकट मंदिरासारखं पाहतो. पण तीस लेण्यांपैकी ९, १०, १९, २६ आणि २९ ही पाच चैत्यगृहं सोडली तर बाकीचे विहार आहेत, म्हणजे भिक्खूंची राहायची घरं. मधे मोठा मंडप आणि त्याच्या बाजूंनी झोपायच्या छोट्या खोल्या. आमच्या घराचा चौक वरून बंद केला तर जवळपास हीच रचना होईल. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. पाचव्या शतकातल्या त्या लेखात हे भिक्खूंसाठी केलेलं निवासस्थान असल्याचं सांगितलं आहे आणि त्याच्या वर्णनात गवाक्षांचा उल्लेख आहे. म्हणजे खिडक्या ही तेव्हाही सांगण्यासारखी गोष्ट होती.

पण डोंगरात कोरलेल्या घराला उजेड एकाच बाजूनं येतो. समोरून. जितकं आत जाल तितका काळोख वाढतो, आणि चित्रं तर पार आतल्या भिंतींवर आणि छतांवरही आहेत. ती ज्यांनी काढली त्यांना कशाच्या उजेडात दिसत होतं, याबद्दल तेलाचे दिवे, पाण्याची ताटं, आरसे, पांढरं कापड असे बरेच तर्क आहेत. एक गोष्ट मात्र भिंतीवरच आहे. तिथला लाल आणि पिवळा रंग गेरू आणि पिवळ्या मातीचा, निळा दुरून आणलेल्या लाजवर्द दगडाचा, आणि काळा रंग काजळीचा. दिव्याच्या काजळीचा.

१८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आलेला असताना दहाव्या लेण्यापाशी पोचला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८४४ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रासच्या फौजेतल्या रॉबर्ट गिलला चित्रांच्या नकला करायला पाठवलं. गिल म्हटलं की आपल्याला पारो आठवते. ना. धों. महानोरांची ‘अजिंठा’ ही दीर्घकविता आणि त्यावरचा २०१२ चा सिनेमा यांमुळे ते साहजिकच आहे. गिलचा कॅमेरा मात्र फारसा कुणाला आठवत नाही. त्यानं वर्षानुवर्षं बसून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या, त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथं लागलेल्या आगीत मोजक्या सोडून सगळ्या जळाल्या. पण १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं फोटोग्राफीही सुरू केली होती. जेम्स फर्ग्युसन या वास्तुइतिहासकारानं १८६४ मध्ये गिलचे त्रिमितीय फोटो पुस्तकरूपात छापले. ते आजही पाहता येतात.

हे फोटो पाहताना एक गोष्ट खटकते. चित्रं नकलण्यात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाच्या फोटोंत चित्रं जवळजवळ नाहीतच. दर्शनी भाग आहेत, व्हरांडे आहेत, खांब आहेत. पहिल्यांदा मला वाटलं, चित्रं तो हातानं करतच होता, म्हणून फोटो काढले नसतील. पण खरी अडचण रसायनात होती.

त्या काळी ओल्या कलोडियनची पद्धत होती. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायची. या सगळ्याला जेमतेम दहा मिनिटं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. काच वाळली की संपलं. त्यामुळे अंधाऱ्या विहारात अर्धा तास एक्स्पोजर देऊ, असं म्हणायची सोयच नव्हती. दुसरी अडचण याहून मोठी. कलोडियनला फक्त निळा-जांभळा प्रकाश दिसतो. लाल आणि पिवळा त्याच्या लेखी अंधारच. म्हणजे दिव्याच्या पिवळ्या उजेडाचा जवळजवळ उपयोग नाही. आणि भिंतीवर काय आहे? गेरू आणि पिवळी माती. लख्ख उजेड आणला असता तरी अजिंठ्याचे निम्मे रंग काचेवर काळे ठिक्कर उतरले असते. जे डोळ्यांना सगळ्यात आधी दिसतं, तेच कॅमेऱ्याला दिसत नव्हतं.

*

गिल अजिंठ्यात हे करत असताना बाहेरच्या जगात लोक अंधारात उजेड नेण्याच्या मागे लागले होते. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये नादार या फोटोग्राफरनं जमिनीखालच्या हाडांच्या भुयारांत बॅटऱ्यांवर चालणारे विजेचे दिवे नेले. त्या फोटोंत त्यानं माणसांच्या जागी पुतळे उभे केले, कारण तितका वेळ कोणी स्थिर राहीना. १८६५ मध्ये पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञानं इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत मॅग्नेशियमची तार जाळून फोटो काढले. मॅग्नेशियमचा उजेड निळसर पांढरा, कलोडियनला हवा तसा. अडचण एकच, धूर. एक फोटो काढला की दुसऱ्यासाठी खोली धुरातून मोकळी व्हायची वाट पाहायची.

१८८७ मध्ये जर्मनीत उडणारी दारू तयार झाली, म्हणजे एका क्षणात पेटणारी मॅग्नेशियमची भुकटी. न्यू यॉर्कमधला पत्रकार जेकब रीस ती घेऊन गरिबांच्या चाळीवजा इमारतींत शिरला. खिडक्या नसलेल्या खोल्यांत दाटीवाटीनं झोपलेली माणसं त्यानं जगाला दाखवली आणि त्या फोटोंमुळे घरांचे कायदे बदलायला मदत झाली. पण त्या फोटोंतल्या चेहऱ्यांवर अंधारात अचानक कुणी घुसल्याची दचक आहे. एकदा तर त्याच्या फ्लॅशनं खोलीलाच आग लागली. त्याची गरज मला समजते. तो घर दाखवत नव्हता, घराची तक्रार मांडत होता, आणि तक्रार मांडायला लख्ख उजेड लागतो. माझ्या दोन एलईडी पॅनलांनी नेमकं तेच केलं होतं. माझ्या फोटोंतलं माजघर तक्रारीच्या अर्जाला जोडल्यासारखं दिसत होतं.

*

अजिंठ्याकडे परत येऊ. गिलनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात नकला करत राहिले. त्यांपैकीही बऱ्याच लंडनमध्ये १८८५ च्या आगीत गेल्या. नकलाकारांनी एक गोष्ट मागे ठेवली: चित्र नीट दिसावं म्हणून भिंतीवर मारलेलं वार्निश. ओल्या दगडासारखे रंग उठून दिसतात, म्हणून ते मारायचं. पुढं ते पिवळं पडलं, आणि समोरून उजेड टाकला की चकाकू लागलं. दिसावं म्हणून केलेल्या खटपटीनं दिसणंच अवघड केलं. ते काढायचं काम पुरातत्त्व खात्याला नंतर अनेक वर्षं करावं लागलं.

तोवर फोटोग्राफीला लाल रंग दिसू लागला होता. तेव्हा आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक गुलाम याझदानी यांनी चित्रांचे रंगीत फोटो काढून घेतले आणि १९३० ते १९५५ या काळात चार भागांत अजिंठ्याचा ग्रंथ काढला. फोटो होते ई. एल. व्हॅसी यांचे. हातानं केलेल्या नकलेत नकलाकाराचा हात येतोच. म्हणून हा ग्रंथ फोटोंवर बेतला आहे, हे त्याच्या नावातच लिहिलेलं आहे. पुढं १९९१ च्या सुमारास बेनॉय बहल यांनी उलट्या बाजूनं विचार केला. जोरदार दिवे आणायचेच नाहीत. अतिशय मंद उजेडात कॅमेऱ्याला भरपूर वेळ द्यायचा. त्यांच्या फोटोंत रंग आहेत, आणि भोवती अंधारही आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी त्यांत अंधारातून पुढं आल्यासारखा दिसतो. आत गेल्यावर डोळे सरावले की तो तसाच दिसतो.

हे वाचून मी बाबांना सांगत होतो, तर ते म्हणाले, "आम्ही शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा तिथं एक माणूस होता. दाराबाहेर उन्हात आरसा धरून बसायचा. ऊन आत पाठवायचा, आणि आतला दुसरा पांढऱ्या कापडावर घेऊन चित्रावर टाकायचा." अजिंठ्याला जुन्या काळी गेलेल्या अनेकांना ही आठवण आहे. आता आत मंद दिवे आहेत आणि फ्लॅशला बंदी. पण त्या माणसांना जे समजलं होतं ते मला दोन पॅनल विकत घेऊनही समजलं नव्हतं. ते घरात परका दिवा आणत नव्हते. घराच्या दारात आलेलं ऊन फक्त आणखी थोडं आत नेत होते.

*

जानेवारीत मी पुन्हा बेगमपुऱ्याला गेलो. या वेळी पॅनल नेले नाहीत, आजीच्या जुन्या दोन पांढऱ्या चादरी नेल्या. आणि आजीलाही नेलं. बाबा आणि काकांनी खुर्चीवर बसवून तिला पायऱ्या चढवल्या.

आधी मोजलं. मोबाइलवरचं माप ढोबळच, पण भर दुपारी चौकात आकडा साठ हजार लक्सच्या वर आणि माजघराच्या कोपऱ्यात आठ. फोटोच्या भाषेत तेरा स्टॉपचा फरक, म्हणजे उजेड तेरा वेळा निम्मा केला की चौकातून माजघरात पोचतो. एक चादर चौकात फरशीवर उन्हात अंथरली, दुसरी ओसरीच्या दोरीवर तिरकी टांगली. ऊन पहिल्या चादरीवरून दुसरीवर, दुसरीवरून दारातून आत, आणि आत थेट छताच्या तुळयांवर. कोपऱ्यातला आकडा आठचा तीस झाला. साणंही उघडं केलं, तर जमिनीवर भाकरीएवढा कवडसा पडला. कॅमेरा तिवईवर ठेवून सहा सेकंदांचं एक्स्पोजर दिलं.

या फोटोत दार उजळ आहे, जमीन हळूहळू मंद होत जाते, आणि कोपरे दिसत नाहीत. पॅनलांनी कोनाडे सपाट केले होते, कारण उजेड माझ्या बाजूनं येत होता. आता तो दारातून येत होता, त्यामुळे प्रत्येक कोनाड्याला स्वतःची सावली होती. घरात बसणारं माणूस दाराकडे तोंड करून का बसतं, तेही फोटोत कळत होतं.

आजी जात्याजवळ बसली होती. मी तिला सहा सेकंद हलू नकोस म्हणून सांगितलं होतं, पण तिचा हात जात्यावरून फिरत राहिला आणि फोटोत तेवढा हात धुरासारखा आला. मी परत काढणार होतो. तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "हं. हे आपलं." मग जरा थांबून, "कोनाड्यात दिवा लावायचास की." दिवा नव्हता. तेल आणायला गेलो तोवर चौकातलं ऊन भिंतीवर चढलं होतं.

हा दुसरा फोटोही मी एजंटला पाठवला. तो म्हणाला, "साहेब, फार अंधार आहे, गिऱ्हाईक घाबरेल, पहिलेच राहू द्या." गिऱ्हाइकाला पहिले फोटो गेले. फेब्रुवारीत रजिस्ट्री झाली. नवीन मालक माळवद काढून स्लॅब टाकणार आहेत, आणि माजघराला दोन खिडक्या.