चीवर : त्याज्य वस्त्राचा सन्मान

मीरा-भाईंदरच्या दक्षिणेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात, कान्हेरी म्हणजेच प्राचीन कृष्णगिरीचा संघाराम आहे. तेथील लेखांत सोपारा व कल्याण येथील उपासकांची दाने नोंदली आहेत. गुंफा आणि पाण्याची पोढी यांच्या जोडीने भिक्खूंच्या चीवराची तरतूदही त्यांत आढळते. नवव्या शतकात, शिलाहारांच्या काळातही येथे चीवरासाठी द्रम्म ठेवले जात होते.

या दानाचा व्यवहार कसा चाले, हे नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातील १० व्या गुंफेत स्पष्ट होते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ मध्ये गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीत २००० कार्षापण ठेवले. मुद्दल अक्षय राहावे व दरमहा शेकडा १ या दराने येणारे व्याज तेवढे वापरावे, अशी अट होती. वर्षाचे व्याज २४० झाले. त्यातून गुंफेत वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. म्हणजे भिक्खूच्या वस्त्रामागे श्रमिक विणकरांची पत उभी होती.

मुळात चीवर हे दानाचे वस्त्र नव्हते. प्रारंभी भिक्खू उकिरड्यावरील व स्मशानातील चिंध्या वेचून त्या धूत, शिवत व रंगवीत. यालाच पांसुकूल म्हणतात. पुढे वैद्य जीवकाच्या विनंतीवरून तथागतांनी गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्यास अनुमती दिली. तरीही वस्त्राचे तुकडे करूनच ते शिवण्याचा नियम झाला. मगधातील बांध घातलेल्या शेतांप्रमाणे त्याची मांडणी आनंदाने केली. अंतरवासक, उत्तरासंग व दुपदरी संघाटी एवढाच भिक्खूचा वस्त्रसंभार होय.

आनंदाला ५०० वस्त्रे मिळाली, तेव्हा राजा उदयनाने एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे विचारले. आनंदाने सांगितले की, ती जीर्ण चीवरांच्या भिक्खूंना वाटू. जुन्या चीवरांची आच्छादने होतील, पुढे बिछान्याच्या खोळी, मग पायपुसणी, शेवटी चिंध्या कुटून चिखलात मिसळू व भुई सारवू.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ अधिक खोल आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने मृतांची वस्त्रे चांडाळांवर लादली. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा 'हक्क' मानला गेला. एके ठिकाणी जन्माने लादलेली अवहेलना होती. संघात मात्र तेच त्याज्य कापड शाक्य राजपुत्र, नापित उपाली आणि निर्माल्य झाडणारा सुनीत यांनी सारख्याच सन्मानाने धारण केले. कापड तेच होते, परंतु त्यामागील जीवनदृष्टी बदलली होती.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी प्रश्न केला की, भिक्खू हा केवळ परिपूर्ण मनुष्य की समाजसेवक? कठिन चीवरदान करताना उपासक-उपासिकांनीही हा प्रश्न मनात ठेवावा. चीवर देणे सोपे आहे. ज्या समतेसाठी ते शिवले गेले, ती जपणे हेच खरे दान होय.