शकुंतलेची वाट आणि द्राक्षमळ्यातली सायकल

आमच्या ऑफिसात सध्या फ्रान्समधल्या सायकल सहलींचं वेड आहे. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, शेजारून वाहणारी नदी, आणि रस्त्यावर एकही गाडी नाही! ट्रक नाही, टमटम नाही, हॉर्न नाही. पुण्यात रोज जीव मुठीत धरून सायकल चालवणाऱ्या माणसाला हे फोटो पाहून काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

पण मला अशा वेळी एक खोड आहे. रस्ता बघितला की वाटतं, हा इथे आला कुठून? कुणी सरकारी बाबू एका सकाळी उठला आणि "चला, सायकलवाल्यांसाठी मळ्यांमधून रस्ता काढू" म्हणाला, असं तर होत नाही. मग शनिवार-रविवार वाचत बसलो, आणि वाचता वाचता थेट आमच्या अंजनगाव सुर्जीला येऊन पोचलो. कसा, ते सांगतो.

फ्रान्समधल्या या बिनगाडीच्या वाटा बऱ्याचदा दुसऱ्याच कामासाठी बांधल्या गेल्या होत्या. उदाहरणार्थ तुलूझ शहराजवळचा 'कनाल द्यू मिदी' हा कालवा. प्येर-पॉल रिके नावाच्या माणसाने १६६६ साली तो खणायला घेतला आणि १६८१ साली तो सुरू झाला. लांबी सुमारे २४० किलोमीटर. मालाच्या होड्या ओढायला काठाने घोडे चालायचे, त्यांच्यासाठी पायवाट होती. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले, आणि होड्यांचा धंदा बसला. घोडे गेले, वाट राहिली. आज त्या वाटेवर सायकली चालतात.

दुसरा प्रकार म्हणजे बंद पडलेल्या रेल्वे. बोर्दो शहराच्या पूर्वेला गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्यांच्या मधला जो प्रदेश आहे, तो सगळा द्राक्षमळ्यांचा. त्यातून पूर्वी एक छोटी रेल्वे जायची. ती बंद पडल्यावर रूळ उखडून तिथे सायकलमार्ग केला. त्याला १९३७ सालची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रोजे लापेबीचं नाव दिलंय. लांबी ५० किलोमीटरहून जास्त. बरगंडीतही जिव्री ते क्लूनी अशी जुन्या रेल्वेची वाट १९९७ साली सायकलींना खुली झाली. फ्रेंच लोक अशा वाटेला 'व्हॉय व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट.

रेल्वेचीच वाट सायकलला का मानवते, याचं कारण साधं आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून सहज घरंगळतं खरं, पण चढावर लगेच घसरतं. त्यामुळे रेल्वे बांधणारा इंजिनीअर चढ टाळतो. टेकडी आली तर कापतो, खोलगट भाग आला तर भराव घालतो, वळण घेतो तेही लांबलचक. शंभर वर्षांपूर्वी वाफेच्या इंजिनाचे लाड म्हणून जे केलं, ते आज आपल्या गुडघ्यांच्या कामी येतं.

आता अंजनगाव.

शाळेच्या पुस्तकात या गावाचं नाव एकदाच येतं. ३० डिसेंबर १८०३, सुर्जी-अंजनगावचा तह. दौलतराव शिंद्यांचा आणि इंग्रजांचा. त्या वर्षी सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात आडगाव आणि डिसेंबरात गाविलगड असे तीन पराभव झाल्यावर शिंद्यांना सही करावी लागली. दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, गंगा-यमुनेचा दोआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला, असं बरंच काही गेलं. इंग्रजांच्या बाजूने होता चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूची लढाई सगळ्यांना माहीत असते, पण त्याआधी १८१४ साली तो स्पेनमधून पिरेनीज ओलांडून दक्षिण फ्रान्समध्ये उतरला होता. १० एप्रिलला त्याने तुलूझवर हल्ला केला, आणि लढाईचा एक भाग झाला तो रिकेच्या त्या कालव्याच्या काठावर! नेपोलियनने पॅरिसजवळ गादी सोडल्याची बातमी अजून तुलूझला पोचली नव्हती, म्हणून हजारो माणसं उगाचच मेली-जखमी झाली. म्हणजे बघा, शहानूर नदीकाठच्या आमच्या गावात तह करणारा माणूस सुमारे दहा वर्षांनी त्याच काठावर लढत होता, जिथे आज माझे टीममेट सायकल घेऊन जायचं म्हणतायत.

हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण १८०३ मधून एक दुसरा धागाही निघतो. सुर्जी-अंजनगावच्या आधी तेरा दिवस, १७ डिसेंबरला, नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला होता. त्यात भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सुटला आणि वऱ्हाड निजामाकडे गेलं. पुढे निजामावर कर्ज चढलं आणि १८५३ साली त्याने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं. इंग्रजांना वऱ्हाडात काय हवं होतं? कापूस. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. मूर्तिजापूर त्याच मार्गावरचं स्टेशन.

पण मुख्य मार्गापासून लांबच्या गावांतला कापूस स्टेशनवर आणायचा कसा? बैलबंडीने. पावसाळ्यात वऱ्हाडातल्या चिखलातून बंडी हाकून बघा म्हणजे कळेल! म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूरपासून दोन बाजूंना नॅरोगेजच्या लायनी टाकल्या गेल्या. एक यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरी अचलपूरला, ७६ किलोमीटर. रुळांमधलं अंतर अडीच फूट, कारण तेवढ्यात कमी पैशात भागतं. कारभार मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीकडे. गंमत म्हणजे स्वातंत्र्यानंतर बाकी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली. (आजही फॉरवर्ड फिरतात की 'इंग्रजांना अजून भाडं जातं'. कंपनीचं नाव इंग्रजी खरं, पण तिची मालकी स्वातंत्र्यानंतर भारतीयांकडे आली होती.)

हीच आमची शकुंतला. मूर्तिजापूर, लाखपुरी, बनोसा म्हणजे दर्यापूर, लेहेगाव, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर. 'कापूसतळणी' या नावातच सगळा इतिहास आला. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होतं. मग डिझेल आलं. स्टाफ इतका कमी की गार्डच तिकिटं द्यायचा, आणि फाटक आलं की गाडी थांबवून, उतरून फाटक लावायचं. ७६ किलोमीटरला साधारण चार तास लागायचे. भागाकार करा. ताशी १९ किलोमीटर. म्हणजे चांगल्या सायकलवाल्याचा वेग!

घरात आम्ही या गाडीची पुष्कळ टिंगल केली. पण ती चालायची कुणासाठी, तर एसटीचं तिकीट ज्याला जड जायचं त्याच्यासाठी. शकुंतलेचं तिकीट त्याच्या कितीतरी खाली होतं. मजूर, भाजी विकायला निघालेल्या बाया, शाळेची पोरं. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात अचलपूरची गाडीही थांबली. ब्रॉडगेजची घोषणा २०१६ मध्येच झाली होती. लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली.

मग माझ्या डोक्यात जे आलं ते तुमच्याही आलं असणार. करा की इथे हिरवी वाट! विचार तर करून बघा. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि तूर. लाखपुरीला पूर्णा नदी. द्राक्षं नाहीत, पण अंजनगावला पानमळे आहेत, वेलीच म्हणायच्या त्याही. पानपिंपळी तर या पट्ट्याची खासियत, औषधाला लागते. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि तिच्यात गाविलगड. वाटेत तालुक्यातलं शेंडगाव, जिथे १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. त्यांचं लहानपण मूर्तिजापूर तालुक्यात मामाकडे गेलं, म्हणजे या लायनीच्या दोन्ही टोकांशी त्यांचं नातं. अर्थात उन्हाळ्यात कुणी फिरकणार नाही, आणि हा खारपाणपट्टा असल्याने पाण्याच्या बाटल्या जास्त घ्याव्या लागतील. पण सपाटी अशी की बोर्दोवाल्यांनी हेवा करावा.

हे मी मोठ्या उत्साहाने अंजनगावच्या आत्याला फोनवर सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "सायकल चालवायले तुले रस्ता पायजे, अन् आमाले दवाखान्यात जायले गाडी पायजे. आदी काय आनतं सांग."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर तिथेच हा लेख संपायला हवा. फ्रान्समध्ये रूळ उखडले गेले तेव्हा बहुतेकांच्या दारात मोटार आलेली होती. वऱ्हाडातली गोष्ट तशी नाही. इथे गाडी बंद पडली ती लोकांची गरज संपली म्हणून नाही. गरज तशीच आहे. अशा ठिकाणी वीकेंडला येणाऱ्या पुण्याच्या माणसाने रेल्वेच्या जागेवर सायकलमार्ग मागणं म्हणजे उपाशी माणसाच्या ताटात फुलं ठेवण्यासारखं आहे.

तरीही एक मुद्दा राहतो आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. ब्रॉडगेज होवो न होवो, खरी दौलत रूळ नाहीत. खरी दौलत आहे ती जमिनीची सलग पट्टी. शंभर वर्षांपूर्वी शेकडो शेतांमधून मिळवलेली, न तुटलेली. अशी पट्टी आज नव्याने मिळवायची म्हटली तर किती भूसंपादन आणि किती कोर्टकचेऱ्या होतील याचा अंदाज करा. आणि ती मोडायला काय लागतं? काही नाही. गाडी धावत नसली की इथे एक शेड, तिथे एक कुंपण, पलीकडे उकिरडा. दोन ठिकाणी तुटली की मधला तुकडा ना रेल्वेच्या कामाचा ना सायकलच्या.

अमेरिकेत १९८३ साली यासाठी कायद्यात एक युक्ती केली गेली. बंद पडणाऱ्या रेल्वेची पट्टी विकून न टाकता तात्पुरती चालण्या-सायकलिंगसाठी वापरायची, आणि उद्या रेल्वे परत हवी झाली तर तीच पट्टी परत द्यायची. तिथे याला रेलबँकिंग म्हणतात, म्हणजे रेल्वे बँकेत ठेवणं. हा कायदा सुप्रीम कोर्टात गेला आणि १९९० साली टिकला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यात काही नवीन नाही. जुनी सिस्टिम बंद करताना आपण डेटा पुसत नाही, बाजूला जपून ठेवतो. कारण कधी लागेल सांगता येत नाही.

म्हणजे आत्याच्या प्रश्नाला 'आधी गाडी' हेच उत्तर आहे, त्यात शंका नाही. पण गाडी येईपर्यंत शाळेत जाणाऱ्या पोरींना ट्रक नसलेली सायकलवाट मिळाली, तर वाट वापरात राहील, आणि वापरातली वाट कुणी सहज गिळत नाही. अंजनगावच्या पोरींची सायकल आधी, आमच्या गिअरवाल्या सायकली नंतर. तुलूझच्या काठावरही घोडे गेले तरी वाट राहिली, म्हणून तर आज तिथे सायकल जाते.

फ्रान्सला जाणाऱ्यांनी जरूर जावं, मजा करावी, फोटो टाकावेत. फक्त त्या कालव्याकाठी थांबाल तेव्हा लक्षात ठेवा, इथे लढलेल्या माणसाने त्याआधी एक तह आमच्या गावात केला होता. आणि कधी अकोला-अमरावतीकडे गेलात, तर मूर्तिजापूरला उतरून ती अडीच फुटांची लाईन बघून या. वर्णन ऐकायला मला आवडेल.

असो. आज एवढंच.