तिसरा ‘मधु’

भाच्याने नाशिकहून आणलेली बाटली खामगावच्या आमच्या घरी उघडली, तेव्हा सफरचंदाचा सायडर समजून मी पहिला घोट घेतला. कोरडा, किंचित आंबट. गिळल्यावर मात्र मधाचा वास मागे रेंगाळला. मग लेबल वाचले. ‘सेराना’चे मीड, म्हणजे मध आंबवून केलेले मद्य, आणि त्यात शेनिन ब्लां द्राक्षांचा रस. सेराना हे आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावातले दुसरे पद. द्राक्षाची ही जात मूळची फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातली. आता पक्की नाशिककर झाली आहे.

चवीपेक्षा मला एक शब्द आठवत राहिला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. तिथे ‘मधु’ म्हणजे मध नव्हे, तर द्राक्षरसाचे मद्य. त्याचे प्रकार प्रदेशावरून ओळखायचे. एक ‘कापिशायन’, काबूलच्या उत्तरेकडील कपिशेचे. २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही याच न्यायाने. म्हणजे या बाटलीत दोन्ही ‘मधु’ एकत्र आले होते. ‘मीड’ हा शब्दसुद्धा त्यांचाच लांबचा भाऊबंद.

पण बुलढाण्याच्या माणसाला तिसरा आठवणारच. मधूक, आपला मोह. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला ऐन उन्हाळ्यात पहाटे त्याची फुले टपटप गळतात. आजी ती वाळवून डब्यात ठेवी. खाण्याबद्दल मोकळेपणी सांगे, दारूचा विषय निघाला की आवाज खाली आणी. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. आबकारीच्या मक्त्यांच्या त्या राज्यात फूल जंगलाचे आणि भट्टी मक्तेदाराची; घरी गाळणारा गुन्हेगार. कौटिल्यही महसूल सोडणारा नव्हे, पण घरच्या कार्याला मद्य करण्याची मुभा त्याने गृहस्थाला ठेवली होती, आणि उत्सवा-यात्रांना चार दिवसांची सवलत.

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणले आणि वाइनला हात दिला. मोहफुले गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध सैल व्हायला २०२१ उजाडले. मोहाची दारू भट्टीवर गाळलेली, कडक. मीडशी तिची तुलना पुरती न्याय्य नाही, हे कबूल. तिने घरेही बसवली आहेत.

“मामा, फुलं नुसती आंबवली, गाळलीच नाहीत तर?” भाच्याने विचारले.

आजीचा डबा माळ्यावर आहे. रिकामा, पण झाकण काढले की अजून वास येतो.