बातम्या वाचणारी स्मिता

मी कांदिवलीहून बोलतेय. इथल्या वस्त्यांमधल्या बचत गटांचं काम मी बघते. आज आपण इतिहासाविषयी बोलणार आहोत, पण राजे-महाराजांच्या नाही. एक मुलगी टीव्हीवर बातम्या वाचायला बसली, तिची ही गोष्ट आहे. तिचं नाव तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. स्मिता पाटील. ‘जैत रे जैत’मधली चिंधी आणि ‘उंबरठा’मधली सुलभा म्हणून आपण तिला ओळखतो. पण सिनेमात येण्याआधी ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

तुम्ही म्हणाल, बातम्या वाचण्यात एवढं काय मोठं? आज कुठलंही चॅनेल लावा, बाई दिसतेच. पण हे आपोआप झालेलं नाही. इंग्लंडमध्ये बीबीसीने 1960 साली नॅन विंटन नावाच्या बाईंना टीव्हीवर देशाच्या बातम्या वाचायला बसवलं. थोड्याच महिन्यांत त्यांना बाजूला केलं. कारण काय, तर बाईने बातम्या वाचणं प्रेक्षकांना पटत नाही! त्या चुकीचं वाचत होत्या, अशी कुणाची तक्रार नव्हती. बाईच्या तोंडून आलेली गोष्ट गंभीरपणे घ्यायची सवयच लोकांना नव्हती.

आपल्या मुंबईत मात्र त्याच्याही आधी एका बाईच्या आवाजाने सरकारची झोप उडवली होती. 1942 च्या ‘चले जाव’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पोलीस माग काढत, म्हणून केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. वर्तमानपत्रांत छापू न दिलेल्या बातम्या त्या रेडिओवरून लोकांना कळत. नोव्हेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. आज आपण गावच्या रेडिओवर मोकळेपणी बोलतो, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

आता स्मिताकडे येऊ. तिचा जन्म 17 ऑक्टोबर 1955 चा, पुण्याचा. घराणं मूळचं खानदेशातलं, शिरपूरचं. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई नर्स होत्या आणि समाजकार्यही करायच्या. म्हणजे आई नोकरीला जाते, चार लोकांत बोलते, हे त्या घरातल्या मुलींनी लहानपणापासून पाहिलेलं. स्मिता राष्ट्र सेवा दलातही जायची. तिथली गाणी, नाटुकली यांतून तिला लोकांसमोर उभं राहायची सवय झाली.

पुढे कुटुंब मुंबईला आलं. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं होतं. टीव्ही नवा, काळा-पांढरा, आणि चॅनेल एकच. अख्ख्या चाळीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. सगळी चाळ त्या घरात गोळा व्हायची आणि दारातल्या चपलांचा ढीग बघून कळायचं, की टीव्ही लागलाय. ओळखीच्या एका छायाचित्रकाराने काढलेले स्मिताचे फोटो दूरदर्शनच्या अधिकाऱ्यांनी बघितले आणि तिला बोलावणं आलं, असं सांगतात. ती तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती.

तिचा रंग सावळा. त्या काळी पडद्यावर यायचं तर गोरी कातडी हवी, अशी समजूत होती. अजून तरी ती कुठे गेलीय? मुलगी बघायला आलेले पाहुणे अजूनही रंगावर बोलतात. पण बातम्या देणाऱ्या स्मिताचे बोलके डोळे आणि स्वच्छ मराठी लोकांच्या लक्षात राहिली. तिची एक गंमत आजही सांगतात. तिला जीन्स घालायला आवडायची, पण बातम्यांना साडी लागायची. मग ती जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची. कॅमेऱ्यात कमरेवरचंच दिसायचं, खालची जीन्स कुणाला दिसणार?

याच दूरदर्शनवर भक्ती बर्वे यांनीही बातम्या दिल्या. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ नाटकात 1975 साली गाजलेल्या त्या भक्ती बर्वे. दोघींच्याही हातात दुसऱ्याने लिहिलेला कागद असायचा. पण शब्द कुठे तोडायचा, कुठे थांबायचं, मान वर करून समोर कधी बघायचं, हे ज्याचं त्यालाच करावं लागतं. ऐकणारा विश्वास ठेवतो तो त्यावर.

श्याम बेनेगल यांच्या नजरेत स्मिता भरली ती या बातम्यांमुळेच. त्यांनी तिला ‘चरणदास चोर’मध्ये घेतलं, तो चित्रपट 1975 साली आला. मग ‘निशांत’ आणि 1976 साली ‘मंथन’. हा ‘मंथन’ तर बचत गटातल्या प्रत्येक बाईने बघावा. गुजरातच्या दूध सहकारी चळवळीवरचा हा चित्रपट. त्याला पैसा कुणी दिला माहीत आहे? पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. करा हिशेब. दहा लाख रुपये झाले! आपण महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकतो तेव्हा घरचे हसतात, “एवढ्याने काय होणार?” त्यांना हे सांगा. दोन-दोन रुपयांचा तो चित्रपट 2024 साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात पुन्हा दाखवला गेला.

‘मंथन’मध्ये स्मिता झाली होती गावातली बिंदू. ‘भूमिका’मध्ये तिने अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आयुष्यावर बेतलेली बाई उभी केली. ‘चक्र’मध्ये झोपडपट्टीतली अम्मा केली. त्यासाठी ती मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जाऊन तिथल्या बायकांचं जगणं बघून आली. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या दोन्ही चित्रपटांसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1982 साली आलेल्या ‘उंबरठा’तली सुलभा महिला सुधारगृहात नोकरी करायला घराबाहेर पडते, आणि परत आल्यावर त्या घरात तिची जागा उरलेली नसते.

मला वाटतं, बातम्या वाचणं आणि या भूमिका यांचा जवळचा संबंध आहे. बातम्यांत मंत्री असतात, भाषणं असतात, भाव असतात. नळावर रांग लावणारी, दूध घालायला जाणारी, घर सोडावं लागलेली बाई त्या बातम्यांत कुठे असते? स्मिताने आधी बातमी वाचली आणि पुढे, ज्या बायका बातमीत येत नाहीत, त्यांना पडद्यावर आणलं. ती मुंबईतल्या ‘विमेन्स सेंटर’ या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेचीही सभासद होती. 1985 साली तिला पद्मश्री मिळाली.

आणि मग तो दिवस. 13 डिसेंबर 1986. बाळंतपणाला पंधरा दिवस झाले होते. त्यातूनच दुखणं वाढलं आणि ती गेली. वय अवघं एकतीस. ती शहरात राहत होती, नावाजलेली होती, तरी हे घडलं. म्हणून सांगते बायांनो, बाळंतपणानंतरचे 42 दिवस सांभाळायचे असतात. ताप, थंडी, वास येणारा स्राव, जास्त रक्तस्राव, पोटात दुखणं, यातलं काहीही झालं तर “बाळंतिणीला असं होतंच” म्हणून घरी ठेवू नका. आशाताईंना बोलवा आणि लगेच दवाखाना गाठा.

ती गेल्यावर, 1987 साली तिचा ‘मिर्च मसाला’ आला. त्यात मिरचीच्या कारखान्यातल्या बायका एक होऊन जुलमी सुभेदारावर तिखट उधळतात. शेवटी पडद्यावर सोनबाई झालेली स्मिता उभी असते.

आता आपल्याकडे बघू. आमच्या कांदिवलीच्या वस्तीत खानदेशच्या, कोकणच्या, मराठवाड्याच्या बायका आहेत. गटाच्या बैठकीत मागच्या महिन्याचं इतिवृत्त वाचायची वेळ आली, की वही एकीकडून दुसरीकडे फिरते. “माझं वाचन अडखळतं”, “माझी भाषा गावंढळ आहे.” बँकेत किंवा वॉर्ड ऑफिसात अर्ज वाचायचा तर कुणाचा तरी मुलगा, नवरा पुढे होतो. गावातही हेच होतं ना? महिला सभेत ठराव आपण करायचा आणि ग्रामसभेत वाचायला पुरुषाच्या हातात द्यायचा. मग लोक म्हणतात, त्याने ठराव मांडला. काम आपलं, पण नाव ऐकू येतं त्याचं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एक करा. इतिवृत्त पाळीपाळीने वाचा. जिला वाचता येत नाही, तिने शिल्लक रक्कम तोंडी सांगावी. अडखळलं तर थांबा, पुन्हा वाचा. अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत सांगितलंत तरी हिशेब तोच राहतो. तीन-चार बैठका झाल्या, की ग्रामसभेत ठराव वाचायला तुमच्यातलीच एक उभी करा. बाकीच्यांनी तिच्या शेजारी बसा, म्हणजे मान वर केल्यावर तिला तुमची तोंडं दिसतील. ती काय वाचते, ते मलाही रेडिओवर ऐकायला आवडेल.