ओट्याचा भाव

फैजपूर म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकास डिसेंबर १९३६ मधील काँग्रेसचे अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित नेहरू त्याचे अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून टिळकनगर सजविले होते. ते नगर अल्पावधीतच उठले. परंतु त्याच्याही कितीतरी आधीपासून हे गाव लाकडाच्या बाजाराबद्दल आणि कापडावरील छपाई व रंगकामाबद्दल खानदेशात ख्यातनाम होते. सागवानी खांबांची, पुढे ओटा असलेली जुनी घरे इथल्या गल्ल्यांत अजूनही दृष्टीस पडतात.

अशाच एका घराच्या विक्रीच्या बैठकीस मध्यंतरी आम्हास बोलाविण्यात आले होते. भाऊबंदांत समेट घडावा, एवढाच त्यामागील हेतू. जागेचा भाव ठरला. कोरीव खांबांचा आणि तुळयांचा वेगळा ठरला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आजीबाईंनी विचारले, "आन् ओट्याचं काय?" सारे हसले. आम्हीही हसलो. परंतु घरी परतताना तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. कारण मुंबईत गिरगावातील खोताची वाडी कित्येक वर्षे हाच प्रश्न विचारीत आहे.

वाडीचे नाव दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थावरून पडले. सुमारे दोन शतकांपूर्वी त्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना घरांसाठी दिले. हे लोक याच किनाऱ्याचे मूळ रहिवासी. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेले, पण मराठी बोली न सोडलेले. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्वीकारले. हिंदू खोताच्या जमिनीवर ख्रिस्ती शेजार वसला, ही गोष्ट आपण विसरू नये.

वाडीतील घर ओळखणे सोपे आहे. उतरते कौलारू छप्पर, लाकडी कठडे, बाहेरून माडीवर जाणारा जिना आणि गल्लीकडे उघडणारी पडवी. गल्ली इतकी अरुंद की पडवीत बसलेला मनुष्य येणाऱ्या-जाणाऱ्याशी न बोलता राहूच शकत नाही. खानदेशात ओटा जे काम करतो, तेच येथे पडवी करते. घर कुटुंबाच्या मालकीचे. पडवी मात्र अर्धी गल्लीची. वाडीचा स्वभाव घडला तो या अर्ध्या मालकीतून.

मूळची सुमारे ६५ घरे. त्यांपैकी आज निम्मीही शिल्लक नाहीत. त्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. दोष कोणाचा? विकणाऱ्यास लोभी म्हणणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखून धरली. महायुद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरूस तो मोठाच आधार होता. पण पुढे अर्धशतक भाडी तिथेच राहिली आणि कौले, लाकूड, मजुरी यांचे दर चढत गेले. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ही गोठलेली भाडी अवाजवी ठरविली. १९९९ च्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली. तोवर ज्यांचे उत्पन्न अशा भाड्यावर अवलंबून होते, त्यांची घरे खिळखिळी झाली होती. ज्यांच्या घरात भाडेकरूच नव्हते, त्यांना वाळवी लागलेली तुळई स्वतःच्या खिशातून बदलावी लागत होती. उलट, घराखालची जमीन मात्र दरवर्षी महाग होत होती. घर उभे ठेवणे हा खर्च आणि पाडणे ही मिळकत, असा उफराटा हिशेब तयार झाला.

मुंबईसाठी १९९५ साली वारसा-नियमावली आली. वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूवर बंधने आल्याने मालकाचे बांधकामाचे हक्क बुडत असतील, तर ते अन्यत्र हस्तांतरित करण्याची सोय तीत ठेवली गेली. तत्त्व योग्यच आहे: ज्या गोष्टीचा लाभ सर्वांना, तिचा भार एकट्याने का वाहावा? परंतु हे तत्त्व वास्तूचा विचार करते. शेजाराचा करीत नाही. एक घर जतन झाले आणि सभोवती भिंती उभ्या राहिल्या, तर पडवीतून बोलायचे कोणाशी?

आमच्या मते खरी मेख येथे आहे. वाडीतील घराला जो मान आहे, तो एका मालकाने निर्माण केलेला नाही. शेजाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळून केला आहे. विक्रीचा कागद मात्र एकाच घराचा होतो. त्यात शेजारही जातो, पण त्याची नोंद होत नाही. म्हणून जेथे अशी वस्ती अजून उभी आहे, तेथे घर विकायला निघण्यापूर्वी, कौले गळू लागतात तेव्हाच, शेजाऱ्यांनी एकत्र बसले पाहिजे. दुरुस्तीचा सामाईक निधी ही त्याची पहिली पायरी. जुन्या घरांचे कौतुक करणाऱ्या आम्हा सर्वांवर त्या निधीत भर घालण्याचे दायित्व आहे. छायाचित्र काढून परतणे पुरेसे नाही.

फैजपूरचे ते घर अखेर विकले गेले. खांब ट्रकात चढले. आजीबाई समोरच्या घराच्या ओट्यावर बसून पाहत होत्या. त्या ओट्यावर त्यांना बसावयास कोणी जागा दिली, आणि कोणत्या हक्काने, हे विचारण्याची गरज गल्लीत कोणासही वाटली नाही.