खासगी विहिरींची सामुदायिक पाणीतपासणी

घरोघरच्या विहिरी व कूपनलिकांचे पाणी गावाने मिळून, ठरलेल्या वेळी तपासण्याची पद्धत. सार्वजनिक उद्भवाची जबाबदारी ग्रामपंचायतीवर असते. तिचा जलसुरक्षक नमुने घेतो, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने क्लोरीन पाहतो. परसातली विहीर मात्र बहुधा मालकाच्या भरवशावर राहते.

उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील मुठा गावाचा परिसर बेसाल्ट खडकाचा आहे. भूजल खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. पावसाळ्यात पातळी वर आली की शोषखड्डा, गोठा, उकिरडा यांतली घाण पुरेशी न गाळताच विहिरीत उतरू शकते. शेजारच्या दोन विहिरींना एकाच भेगेचे पाणी येत असेल, तर एका घराच्या तपासणीने काम भागत नाही.

जानेवारी 2025 मध्ये याच मुठा नदीच्या खोऱ्यात, पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. त्यानंतर नांदेडची विहीर, टँकर आणि खासगी आरओ केंद्रे यांच्या पाण्याची तपासणी झाली. ही तपासणी साथ येण्याआधी व्हायला हवी, म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा नमुने घेणे श्रेयस्कर.

गावपातळीवर एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची बाटली सोयीची पडते. खुणेपर्यंत पाणी भरून ती 24 ते 48 तास ठेवतात. पाणी काळे पडले तर विष्ठाजन्य दूषणाचा संशय घेऊन नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. भारतीय मानक 10500 नुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच नसावा. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत चालते. जंतूंवर क्लोरीन किंवा उकळणे हा उपाय आहे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

निकाल सर्वांना कळणे हा या पद्धतीचा कणा आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. तीच खूण प्रत्येक विहिरीला लावता येते. अशा रंगखुणेचा उपयोग बांगलादेशात दिसला: तिथे आर्सेनिकसाठी सुमारे 50 लाख नलिकाकूप तपासले गेले. दूषित पंपांच्या तोंडाला लाल, सुरक्षित पंपांना हिरवा रंग दिला, आणि अनेक कुटुंबे शेजारच्या हिरव्या पंपावर पाणी भरू लागली.