रोज चोवीस टॉफ्या

ज्या वेळी माणसाला बोलता येत नाही, नेमके त्याच वेळी त्याला प्रश्न विचारायचे, ही कला जगात फक्त दोघांना साधली आहे. एक न्हावी आणि दुसरा दातांचा डॉक्टर. त्यातल्या न्हाव्याला उत्तराची फारशी अपेक्षा नसते, कारण प्रश्नही त्याचा आणि उत्तरही त्याचेच. डेंटिस्टचे तसे नाही. तोंडात आरसा, आकडी, कापसाचे दोन बोळे आणि थुंकी ओढणारी नळी एवढा संसार मांडून झाला, की तो अत्यंत आपुलकीने विचारतो, "मग? सध्या काय लिहिताय?" आपण "आँ... आँ..." करतो. त्यालाच तो उत्तर समजतो आणि "वा, छान!" म्हणून पुढच्या दाढेकडे वळतो. माझ्या डेंटिस्टची अशी ठाम समजूत आहे, की गेली अकरा वर्षे मी एकच कादंबरी लिहितो आहे आणि तीही दुःखान्त आहे.

वास्तविक आपण मराठी माणसे दातांच्या बाबतीत बोलायला कमी नाही. आपण कुणावर दात धरतो, कुणासाठी दातांच्या कण्या करतो, कुणाचे दात त्याच्याच घशात घालतो. दात असतात तेव्हा चणे नसतात, आणि चणे येतात तेव्हा दात डबीत असतात. पण यापेक्षाही मोठा इतिहास एका साध्या शब्दात दडला आहे. दात "किडतो" असे आपण म्हणतो. म्हणजे कीड लागते. जोंधळ्याला लागते, कपाशीला लागते, तशी दाढेला लागते. माझ्या आजीच्या दृष्टीने ही कीड अगदी खरीखुरी, वळवळणारी होती. ती रिंगणीच्या बियांची धुरी द्यायची. कीड मरत होती की नाही ठाऊक नाही, पण धुराने डोळ्यांना अशा धारा लागत, की दाढ दुखते आहे हे माणूस विसरून जायचा.

आजी या मताला धरून एकटी नव्हती. बाबिलोनच्या लोकांनी मातीच्या विटांवर या किडीची कथाच लिहून ठेवली आहे. सृष्टी निर्माण झाल्यावर कीड रडत रडत देवापुढे गेली आणि म्हणाली, मला खायला काय देणार? देव म्हणाला, हे घे पिकलेले अंजीर. कीड म्हणाली, अंजीर घेऊन मी काय करू? मला माणसाच्या दातांत आणि हिरड्यांत राहायला जागा दे. जागेचा प्रश्न इतका जुना आहे! आणि पागडी न भरता मिळालेल्या त्या जागेत ही भाडेकरीण पुढे हजारो वर्षे टिकून राहिली.

तिला बाहेर काढण्याची पहिली मोठी नोटीस दिली ती पिएर फोशार या फ्रेंच गृहस्थाने. 1728 साली त्याने दंतवैद्यकावर जाडजूड ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शकाखाली किडके दात धरून पाहिले, पण अळी काही सापडली नाही, असे त्याने स्पष्ट सांगून टाकले. साखर दातांना वाईट, हेही सांगितले. एवढे सगळे शहाणपणाचे लिहून झाल्यावर त्याने दातांच्या आरोग्यासाठी स्वतःच्याच मूत्राने चुळा भरण्याची शिफारस केली. या उपायाला आपल्या देशात तरी कुणी हसू नये. उगाच राजकारणात पडल्यासारखे होईल.

मग 1890 च्या सुमारास विलोबी मिलर आला. माणूस अमेरिकन, मुक्काम बर्लिनला, सहवास रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेचा. त्याने काढलेले दात घेतले, त्यांच्याबरोबर लाळ आणि पाव ठेवला आणि वाट पाहिली. पाव आंबला, आम्ल तयार झाले आणि दात मऊ पडू लागला. तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थ खातात, खाऊन आम्ल सोडतात आणि ते आम्ल दाताला पोखरते. कीड म्हणजे अळी नव्हे, डोळ्यांना न दिसणारे जंतू. म्हणजे आजी अगदीच चुकली नव्हती. भाडेकरी होताच, फक्त त्याचा आकार सांगण्यात गफलत होती.

पण बशीतला दात निराळा आणि तोंडातला दात निराळा. बशीतल्या दाताला लग्नाची आमंत्रणे येत नाहीत. जिवंत माणसाने किती साखर खाल्ली, केव्हा खाल्ली, कशी खाल्ली म्हणजे दात किडतात, हे कुणालाच नेमके सांगता येईना. सांगायचे तर माणसांना वर्षानुवर्षे मोजून मापून गोड खायला घालावे लागणार आणि चोरून दुसरे काही खात नाहीत ना, यावर पहारा ठेवावा लागणार. आमच्या घरात हा प्रयोग एक दिवसही टिकला नसता. डब्यातले लाडू किती होते आणि किती उरले, याचा हिशेब आमच्याकडे तीन पिढ्यांत जुळलेला नाही.

हा हिशेब जुळवला स्वीडनने. 1938 साली त्या देशाने सरकारी दंतसेवा सुरू करायचे ठरवले आणि लगेच लक्षात आले, की किडके दात इतके आहेत, की ते भरत बसायला देशातले डेंटिस्ट पुरायचे नाहीत. तेव्हा दात किडतात कशाने हेच शोधून काढा, असे सरकारने फर्मावले. लुंड या गावाजवळ व्हिपेहोल्म नावाचे मोठे रुग्णालय होते. बुद्धीची वाढ खुंटलेली, शिकवून शिकण्यापलीकडची, असा शिक्का मारलेली माणसे तिथे वर्षानुवर्षे राहत. त्यांचे जेवण रुग्णालयाच्या हाती, उठणे-बसणे रुग्णालयाच्या हाती. 1945 साली तिथे अभ्यास सुरू झाला. आधी जीवनसत्त्वे देऊन पाहिली. 1947 पासून साखर आली. साखर, चॉकलेट आणि गोळ्या बनवणाऱ्या कारखानदारांनी या कामाला हातभार लावला. इतका गोड हातभार विज्ञानाला क्वचितच मिळाला असेल.

माणसांचे गट पाडले. एकाला जेवणाबरोबर साखरेचे पाणी, एकाला गोड पाव, एकाला चॉकलेट. एका गटाला रोज आठ टॉफ्या. आणि एका गटाला रोज चोवीस टॉफ्या, त्याही मधल्या वेळी. टॉफीसुद्धा साधी नव्हे. दाताला चिकटली की सुटू नये, अशी खास घडवलेली.

चोवीस टॉफ्या ऐकून माझ्या नातवाने एकदम "मी जातो!" म्हटले होते. मलाही क्षणभर हेवा वाटला. आमच्या लहानपणी रेशनची साखर आणि सणासुदीला रेवडी, एवढ्यावर आमच्या दातांना आपले वाटोळे करून घ्यावे लागले. पण पुढचे वाचले आणि हेवा जिरला. चोवीस टॉफ्यांच्या गटात दात भराभर किडत गेले. पन्नासेक माणसांचे तर पार नासले.

निष्कर्ष मात्र लखलखीत निघाले. 1954 साली बेंग्ट गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 436 माणसांच्या पाच वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. साखर किती खाल्ली यापेक्षा ती केव्हा आणि कोणत्या रूपात खाल्ली, हे महत्त्वाचे. जेवणाबरोबर साखरेचे पाणी प्यायलेल्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळी चिकट गोड चघळणाऱ्यांचे बिघडले. चघळणे थांबवले की किडण्याचा वेगही उतरला. आज जगातला कुठलाही डेंटिस्ट "येता जाता गोड खाऊ नका" म्हणतो, तेव्हा त्यामागे व्हिपेहोल्म उभे असते.

हे वाचून मला पहिल्यांदा आपल्या पंक्तीचाच अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. पुरणपोळी काय, श्रीखंड काय, आपण गोड वाढतो ते वरणभाताच्या शेजारी, पानात. उठलो की मोरीवर जाऊन खळखळून चूळ भरतो. ही चूळ इतकी दणदणीत असे, की आमच्या वाड्यात कुणाचे जेवण उरकले ते घड्याळ न बघता कळायचे. स्वीडिश सरकारने एवढा खटाटोप करण्याऐवजी सदाशिव पेठेत एक माणूस पाठवला असता तरी चालले असते. बिघाड झाला तो नंतर, "खाऊ" नावाची गोष्ट डब्यातून खिशात आली तेव्हा.

पण हा अभिमान मिरवून झाल्यावर त्या 436 आकड्यापाशी मन अडकते. प्रबंधावर संशोधकांची नावे आहेत. ज्यांच्या तोंडात हा प्रबंध घडला, त्यांचा नुसता आकडा आहे, तोही शीर्षकात. त्यांना कुणी विचारले नाही. माझा डेंटिस्ट मला बोलता येत नाही अशा वेळी विचारतो, म्हणून मी एवढी तक्रार केली. इथे प्रश्नच टाकला गेला नाही. टॉफी पुढे केली आणि त्यांनी ती घेतली. दिवसभरात कुणीतरी गोड काहीतरी हातावर ठेवते आहे, यात आनंदच वाटला असेल. दुधाचा दात पडला तर दुसरा येतो. या लोकांचे दात दुधाचे नव्हते.

योगायोग असा, की साखरेचा प्रयोग सुरू झाला त्याच 1947 च्या ऑगस्टमध्ये न्युरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना पहिले कलम घालून दिले होते: माणसावर प्रयोग करायचा तर त्याची राजीखुशीची संमती हवीच. पण ते राक्षसांसाठी केलेले नियम आहेत, अशी सज्जनांची समजूत झाली असावी. व्हिपेहोल्मचे डॉक्टर राक्षस नव्हते. त्यांना मुलांचे दात वाचवायचे होते आणि ते वाचलेही. गोष्टीतला सल तोच आहे. 1953 साली वर्तमानपत्रांत बोभाटा झाला आणि निवला. 2006 साली एलिन बोमेनेल या संशोधिकेने यावर प्रबंध लिहिला, तेव्हा कुठे या प्रकरणाची कसून उलटतपासणी झाली.

याच्या अगदी उलट गोष्ट शेजारच्या डेन्मार्कची. 1965 साली ऑर्हूसच्या दंत महाविद्यालयात हॅराल्ड लो यांनी बारा जणांचे दात घासणे बंद केले. त्यांत नऊ पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन प्रयोगशाळेतले सहायक. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. हिरड्यांचा दाह साचलेल्या जंतूंच्या थरामुळे होतो, हे इतक्या सोप्या रीतीने सिद्ध झाले. त्या तीन आठवड्यांत त्यांच्याशी समोरासमोर बोलणाऱ्यांचा त्यागही विज्ञानाने नोंदवायला हवा होता. पण गंमत अलाहिदा. हे बाराजण दातांच्याच धंद्यातले होते. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत होते, आणि पुन्हा ब्रश हातात घेता येत होता.

व्हिपेहोल्मनंतर स्वीडनच्या सरकारने 1950 च्या दशकाच्या अखेरीस लोकांना सल्ला दिला, की मुलांना गोड आठवड्यातून एकदाच द्या. शनिवारी. तो तिथे रिवाजच होऊन बसला. सहा दिवस संयम आणि सातव्या दिवशी दुकानातून पिशवीभर गोळ्या. स्वीडिश माणूस आजही गोड गोळ्या खाण्यात जगात पुढच्या रांगेत आहे. आपला चतुर्थीचा उपास आणि साबुदाण्याची खिचडी यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

हा शनिवारचा कायदा मी आमच्या घरातही लागू केला, पण थोडा उशिरा. नातवाची एक दाढ आधीच गेली होती. त्याला मुलांच्या डेंटिस्टकडे नेले. डॉक्टरीणबाई अगदी तरुण होत्या. चिरंजीवांनी खुर्चीत बसून ओठ मिटले ते मिटलेच. मी दोनदा डोळे वटारले. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बाहेर थांबता का?" मी दारातच उभा राहिलो. त्यांनी त्याला आरसा दाखवला, नळी दाखवली, नळीतला वारा त्याच्या तळहातावर सोडून दाखवला. मग विचारले, "आता बघू?"

चिरंजीवांनी अट घातली. "दुखलं तर मी हात वर करीन. मग थांबायचं."

"थांबेन."

त्याने चार वेळा हात वर केला. त्यातले तीन वेळा तर नुसती खात्री करून घेण्यासाठी. बाई चारही वेळा थांबल्या.